मनीषाची भिंत

माझ्या हाताखालून गेलेली मुलं मंगळावर गेली, समुद्राच्या तळाशी गेली, पुढच्या शतकात डोकावून आली आणि एकूण एक सुखरूप घरी परतली. परतायचं कसं, हे मी त्यांना आधीच घोटून ठेवलेलं असे. 'इतक्यात आईने हाक मारली. मी दचकून जागा झालो. पाहतो तर काय, ते सारे स्वप्न होते!' शेवटचं उद्गारचिन्ह विसरायचं नाही.

मराठी शाळेत दहावी केलेल्या बहुतेकांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. ज्यांना वाटत नसेल त्यांना सांगतो. पेपर तपासणारा हा माझ्यासारखाच एक मास्तर असतो. समोर गठ्ठा, डोक्यावर पंखा, पंख्याखाली पेपर उडू नयेत म्हणून ठेवलेला चष्म्याचा डबा. कथा अधांतरी सुटली की तो थबकतो, आणि थबकला की त्याला शुद्धलेखनाच्या चुका दिसायला लागतात. झोपेतून उठलेल्या कथेपाशी थबकावं लागत नाही. शेवट झाला, गुण दिले, पुढचा पेपर. मी स्वतः असे गुण दिले आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

मी मूळचा मराठीचा. शाळा चौक गावाच्या अलीकडे, जुन्या हायवेपासून जरा आत. विज्ञानाचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि खालच्या वर्गांचं विज्ञान माझ्याकडे आलं. 'सर, तुमचं वाचन आहे,' असं हेडमास्तर बाई म्हणाल्या. शाळेत असं कुणी म्हणालं की एखादं काम गळ्यात पडणार हे समजावं.

विज्ञानकथेचा तास मी काही थोर हेतूने सुरू केला नाही. शनिवारचा शेवटचा तास कुणालाच नको असतो, तो माझ्या वाट्याला आला होता. मुलं 'घर्षण म्हणजे काय' याची व्याख्या धडाधड म्हणत होती आणि एकालाही ती समजलेली नव्हती. मी वैतागून फळा पुसला आणि म्हटलं, "उद्या सकाळपासून घर्षण बंद. बाकी सगळं आहे तसंच. चौकच्या नाक्यावर काय होईल ते लिहा."

तिथून एक नियम ठरला. गोष्टीत एकच बाब बदलायची. बाकी माणसं, रस्ते, दुकानं, भांडणं आपल्याच भागातली ठेवायची. अमेरिकेतला शास्त्रज्ञ नको, तळघरातली प्रयोगशाळा नको.

रोशन नावाचा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांचं हायवेला गॅरेज. तीन ओळींच्या वर त्याने कधी काही लिहिलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी त्याने पानभर लिहिलं. पप्पांनी नट आवळला पण तो बसेना, आपोआप सुटून आला. पुण्याकडून आलेले ट्रक थांबेनात, तसेच पुढे पनवेलपर्यंत गेले. शेवटी, कुठलीच गाठ टिकत नसल्यामुळे नाक्यावरच्या सगळ्यांच्या लेंग्यांचे नाडे सुटले. वर्ग हसून लोळला. हसता हसता मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पण सर, मग पळायचं कसं? पाय मागं रेटला तर जमीन धरायलाच नाय." झाली की व्याख्या! मला खडू उचलावा लागला नाही.

पुढच्या शनिवारी गुरुत्वाकर्षण निम्मं केलं. कर्जतला घाट चढायच्या आधी गाडीला मागून ढकलायला इंजिनं जोडतात, त्यांतल्या एकावर एका मुलीचे काका कामाला होते. तिने लिहिलं की गाडी हलकी झाल्यामुळे मागचं इंजिन काढून टाकलं आणि काका घरी बसले. एक मुलगा उठला. "अगं, इंजिनपण हलकं होईल ना? मग चाकं रुळावर घसरतील. तुझ्या काकांना दुप्पट काम लागंल." शाळा सुटल्याची घंटा झाली तरी ते दोघं भांडत होते. घंटेनंतर भांडणारी मुलं मी त्याआधी फक्त कबड्डीच्या मैदानावर पाहिली होती.

पालकही येत. एक गृहस्थ शेतावरून थेट स्टाफरूमच्या दारात.

"सर, तुमी पोरांना काय भलतंच शिकवताय वं?"

"काय झालं?"

"म्हस तरंगाया लागली तर दूध कसं काढायचं, आसं इचारतंय. धारंला बसलो का डोस्कं खातंय."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

ते जरा घुटमळले. "म्हटलं, पैलं दाव्याला बांधाया लागंल. आन् चरवी उलटी धराया लागंल का काय, त्याचा इचार करतोय." तक्रार करायला आलेला माणूस चहा पिऊन गेला.

हेडमास्तर बाईंची काळजी वेगळी होती. "सर, तास मजेचा आहे. पण मार्कांचं काय?"

"मार्क येतील, बाई. शेवट मी बांधून दिलाय."

याचा मला अभिमान होता. मुलं कितीही लांब उडाली तरी पतंगाची दोरी माझ्या हातात.

आमच्या वर्गात दोन तऱ्हेची मुलं. खालच्या गावांतली, ज्यांची भाताची खाचरं आहेत, ज्यांचे बाप आता कुंभिवलीकडच्या कंपन्यांत जातात किंवा दुकान चालवतात. आणि डोंगराच्या वाड्यांवरून पायी उतरून येणारी ठाकर आदिवासींची. बाकं कुणी नेमून दिलेली नव्हती, तरी ती वेगवेगळी बसत. वाडीवरची मुलं वर्गात कमी बोलत. त्यांची घरची बोली वेगळी. तोंड उघडलं की पुढच्या बाकांवर कुणीतरी हसणार, हे त्यांना माहीत होतं, आणि हसणाऱ्याला मी दर वेळी दटावलंच असं नाही.

मनीषा त्या मुलांपैकी. आठवीत होती. आई आदल्या वर्षी तापाने गेलेली. वडील काळूराम मोलमजुरी करत, आत्या येऊन घर सांभाळत होती. त्या महिन्यात आम्ही ध्वनीचा धडा घेतला होता. मुलांना गळ्यावर बोटं ठेवून 'म्' म्हणायला लावलं, थरथर जाणवून दिली. डब्याच्या तोंडावर फुगा ताणून त्यावर रवा टाकला आणि जवळ तोंड नेऊन ओरडलो, रवा नाचला. जुनी तबकडी आणून दाखवली, की बघा, या रेघांमध्ये गाणं असतं, सुई फिरली की बाहेर येतं.

शनिवारी मनीषाने हात वर केला. पहिल्यांदाच. आणि गोष्ट वाचली.

तिची गोष्ट अशी. शंभर वर्षांनी एक यंत्र निघालं. ते कुडाच्या भिंती वाचायचं. कुडाची भिंत म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर शेणमातीचा लिंपा. बायका ती हाताने सारवतात, आणि वाळल्यावर बोटांच्या अर्धगोल रेघा तशाच राहतात. गोष्टीतल्या मुलीची आई सारवताना गुणगुणायची. गुणगुणताना गळा थरथरतो. गळ्याने खांदा, खांद्याने हात, हाताने बोटं. म्हणजे आवाज रेघांमध्ये उतरला. यंत्राची सुई चुलीकडच्या भिंतीवरून फिरली. आधी नुसता खोकला आला. मग गाणं आलं, पण मधूनच तुटलं, कारण आईने तिथे मुलीला हाक मारली होती. यंत्रापाशी उभी असलेली मुलगी 'ओ' म्हणाली. आणि मग यंत्रवाल्यांना म्हणाली, आता बंद करा. बाकीचं उद्या ऐकू.

गोष्ट तिथे संपली. वर्गात कुणी हसलं नाही. रोशनने आपल्या गळ्यावर हात ठेवलेला मी पाहिला.

शाळांच्या कथास्पर्धेसाठी एक गोष्ट पाठवायची होती. मी मनीषाला थांबवून घेतलं आणि लाल पेन काढलं.

"फार चांगली आहे. फक्त शेवट राहिलाय."

"शेवट हाय ना, सर."

"असा नाही. ती जागी झाली पाहिजे. आईने हाक मारली, ती उठली, स्वप्न होतं. आपण शिकलोय ना?"

 ती वहीकडे बघत हळूच म्हणाली, "आई कशी उठवेल, सर?"

इथे मी थांबायला हवं होतं. मला आठवलं, तिची आई नाही.  पण मास्तरला दुरुस्तीची सवय इतकी, की वाक्य दुखलं तरी तो वाक्यच दुरुस्त करतो. मी म्हणालो, "मग आत्याने उठवलं असं लिही."

तिने लिहिलं, माझ्यासमोर, टेबलाच्या कोपऱ्यावर वही ठेवून. लिहून झाल्यावर विचारलं, "सर, खरंच होईल का आसं यंत्र?"

"नाही गं. आवाजाची थरथर इतकी बारीक असते की शेणातली गवताची एक काडीसुद्धा तिच्यापुढे ओंडका. मातीत काही राहत नाही."

"काहीच नाय?"

"काहीच नाही."

"बरं," म्हणाली, आणि दप्तर घेऊन निघाली. डोंगराकडे जाणाऱ्या बाकीच्या मुली फाटकापाशी तिच्यासाठी थांबल्या होत्या.

गोष्टीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी शेवटाचं कौतुक केलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांना शाळा सोडलेल्या मुलांच्या शोधासाठी घरोघर फिरावं लागतं. मी मनीषाच्या वाडीवर गेलो. काळूरामचं घरकुल मंजूर झालं होतं आणि जुन्या घराच्या जागीच नवं बांधायचं होतं. छप्पर उतरवलेलं, तीन बाजूंचा कूड पाडलेला. चुलीकडची भिंत तेवढी उभी होती, तिच्यावर ऊन पडलेलं. त्या उन्हात रेघा दिसत होत्या. दाट, एकीत एक अडकलेल्या, हात पोचेल तिथपर्यंत. वरचा पट्टा मात्र कोरा होता. बाई ठेंगणी असावी.

"या, सर, या," काळूराम पहार खाली ठेवत म्हणाला. "बसायला काय नाय बघा. घर आसं उघडं पडलंय. ह्या पालथ्या पाटीवर बसा."

"घरकुल मंजूर झालं म्हणायचं."

"झालं कवाच. पन ही पोर भिंत पाडून देईना. गेल्या सालापास्नं नाय नाय म्हणं. आडवी व्हायची. ही भिंत ठेवून बांधा, म्हणं. आता आशी कशी ठेवायची वो?" त्याने कपाळ पुसलं. "मंग परवा आपल्याच मनानं बोल्ली, पाडा. म्हटलं, काय झालं गं? तर म्हणं, सरांना इचारलं. सर बोल्ले, मातीत काय नसतंय. तुमी सांगितलं म्हून बरं झालं. आमचं ऐकत नव्हती."

मनीषा माती उचलायची पाटी घेऊन बाजूला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. सर काही वेगळं सांगतात का, एवढंच ती पाहत होती.

मला काय सांगता आलं असतं, याची यादी मी नंतर पुष्कळदा केली आहे. एवढा तुकडा कापून बाजूला काढता येईल का, असं विचारता आलं असतं. दोन दिवस थांबा, फोटो तरी काढू, म्हणता आलं असतं. निदान मी चुकलो, म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "घर चांगलं होईल." आत्याने कोरा चहा दिला, तो प्यालो. मी वाडी उतरेपर्यंत पहारीचा आवाज येत होता, आणि मग थांबला.

त्यानंतर मनीषा माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी झाली. हे उपरोधाने लिहीत नाही. नववीत, दहावीत तिची प्रत्येक कथा नेटकी, शुद्ध, मुद्द्याला धरून. प्रत्येक कथेतली मुलगी शेवटी जागी व्हायची. आत्या हाक मारायची. मी गुण देत गेलो. वर्गात दुसऱ्या मुलींना तिची वही दाखवली. शनिवारच्या तासाला ती यायची, एकच बाब बदलायची, बाकी सगळं नियमाप्रमाणे ठेवायची आणि घंटा झाली की उठायची. प्रश्न मात्र तिने पुन्हा विचारला नाही. दहावीला मराठीत तिला उत्तम गुण मिळाले. पेढे घेऊन आली, पाया पडली. मी 'खूप शिक' म्हणालो.

घरीही मी याबद्दल बोललो नाही. मी मुळात कमी बोलणारा. वर्गात बोलतो ते धड्यातलं.

मागच्या वर्षी, नवरात्राच्या आधी, शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला बोलायला सांगितलं. विषय होता, शाळेत विज्ञानकथा का शिकवावी. मी तयारी करून गेलो. विज्ञानकथेमुळे व्याख्या अंगात भिनते, एक बाब बदलली की बाकीच्या किती बाबी तिला बांधलेल्या आहेत हे कळतं, परिणामांचा विचार करायची सवय लागते. नाड्यांची गोष्ट सांगितली, म्हशीची सांगितली. सभागृह हसलं. मग एक तरुण शिक्षिका उठली.

"सर, मुलांनी गोष्टीवर खरंच विश्वास ठेवला तर?"

"तसं होत नाही," मी म्हणालो आणि पाण्याचा ग्लास उचलला.

पाणी पिऊन झालं तरी ती उभीच होती. तिला काहीतरी खरं ऐकायचं होतं. संयोजकांनी आभार मानायला सुरुवात केली म्हणून ती बसली.

तिला द्यायचं उत्तर आता लिहितो. मुलं विश्वास ठेवतात, बाई. तिथेच या तासाचं मोल आहे आणि धोकाही तिथेच. आपण मुलाला सांगतो, तुझ्या जगातली एक बाब बदल. बहुतेक मुलं घर्षण बदलतात, गुरुत्वाकर्षण बदलतात. एखादं मूल त्याला सगळ्यांत जास्त सलणारी बाब बदलतं. मग ते मूल विचारतं, होईल का? तेव्हा धड्यातलं उत्तर द्यायचं नाही. आणि जे आपल्याला माहीत नाही त्याला 'नाही' म्हणायचं नाही. आज करता येत नाही आणि कधीच करता येणार नाही, या दोहोंत अख्खं विज्ञान उभं आहे. मी विज्ञान शिकवत होतो आणि तेवढं मला शिकवता आलं नाही.

त्या दिवशी परतताना स्कूटर घराकडे वळवली नाही. पाऊस उघडला होता, रस्त्याच्या कडेला गवत कमरेएवढं. वाडीच्या पायथ्याशी स्कूटर लावून चढलो.

नवं घर विटांचं, सिमेंटचं, निळ्या रंगाचं. काळूराम कामावर गेला होता. मागच्या अंगाला चुलीसाठी कुडाची खोपटी घातलेली. "सिमेंटच्या घरात चूल पेटवली का भिंती काळ्या होतात, म्हून," आत्या म्हणाली. "मनी मागंच हाय. सारवते. जा, सर. मी चहा टाकते."

मनीषा अकरावीत गेली होती, कॉलेजला खोपोलीला जायची. तिने ओढणी कमरेला खोचली होती, कोपरापर्यंत हात शेणामातीने भरलेले. मला बघून उठायला लागली.

"असू दे, असू दे. काम चालू ठेव."

"हात भरलेत, सर. पाया नाय पडता येणार."

"नको पडूस."

ती परत बसली आणि सारवू लागली. डावीकडून उजवीकडे हात वळायचा, मागे चार रेघा राहायच्या. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. समोर बघून मला बोलता आलं नसतं. तिची पाठ होती, म्हणून सुरुवात झाली.

"मनीषा, मला एक सांगायचंय."

"बोला ना, सर."

"तू आठवीत असताना मला विचारलं होतंस, यंत्र होईल का. मी नाही म्हणालो. ते मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं. मला फक्त विषय संपवायचा होता."

 तिने घमेल्यातली कालवलेली शेणमाती घेतली, भिंतीवर थापली, हात फिरवला.

"आणि तुझा शेवट चांगला होता. बाकीचं उद्या ऐकू, हा. मी तो खोडला. माझ्या नोकरीत मी पाहिलेला सगळ्यांत चांगला शेवट होता तो." तिने दोन्ही हात घमेल्यात घातले. मी खाकरलो. "आणि त्या दिवशी मी इथे आलो तेव्हा भिंत उभी होती. मी थांबा म्हटलं असतं तर तुझे वडील थांबले असते. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी बोललो नाही. मला लाज वाटली, तुझ्यासमोर चुकलो म्हणायची. तुझी भिंत माझ्यामुळे गेली."

बोलून झालं. आत आत्या कपबश्यांचा आवाज करत होती. मनीषा तशीच, हात घमेल्यात ठेवून, पाठमोरी बसली होती. खांदे हलत होते. पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं मला वाटलं. ठेवला नाही.

मग तिने मनगटाने नाक पुसलं. भिंतीवरचा एक कोरा पट्टा हाताने चाचपला. तळवा त्यावर टेकवला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"सर, ते शेवटचं परत बोला. मघाशी माझा हात घमेल्यात होता."

मी परत बोललो. या वेळी जरा मोठ्याने, आणि तिचा हात ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत, सावकाश.